अनुदान छताला, अंधार माणसाला

घर नसलेल्या माणसाला सरकार सौरऊर्जा देते का? जाहिरात म्हणते, देते. नियम म्हणतो, आधी घर दाखवा.

मुद्दा साधा आहे. कालपर्यंत ज्याच्या डोक्यावर छप्पर नव्हते त्याला आज ते मिळाले असेल, तर त्या छपराखाली रात्री उजेड हवा आणि महिनाअखेरीस बिलाची धास्ती नको. त्यासाठी सरकारी पैसा आहे, भरपूर आहे. तो पोचतो कुणापर्यंत, एवढेच विचारायचे आहे.

पीएम सूर्यघर योजना १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली. तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची, उद्दिष्ट एक कोटी घरांचे. एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान. मुख्य अटी तीन: मालकीचे घर, पॅनेल बसेल असे छत आणि चालू वीजजोडणी.

ज्याच्याकडे ही तिन्ही आहेत, त्यालाच चौथे मिळणार.

महाराष्ट्राने त्यात भर घातली, हे मान्य केलेच पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याची ‘स्मार्ट’ योजना आली. दोन वर्षांसाठी ६५५ कोटी आणि ५ लाख ग्राहक. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाच्या एक किलोवॉट संचाला केंद्राचे ३० हजार, राज्याचे १७,५०० आणि त्याचे स्वतःचे फक्त २,५००. निर्णय चांगला आहे, आणि तो घेणाऱ्यांचे त्यासाठी कौतुकही करायला हवे.

पण हिशेब पुरा मांडू. किलोवॉटमागे गरिबाला जास्त मिळते. घरामागे मात्र तीन किलोवॉटवाला बंगलाच पुढे: ७८ हजार विरुद्ध ४७,५००.

आता गडचिरोलीतल्या कुरखेड्याला या.

सती नदीकाठचे हे तालुक्याचे गाव. भोवती धानाच्या बांध्या, त्यापलीकडे जंगल, जंगलात टोले. इथे बेघर म्हणजे फुटपाथवर झोपणारा माणूस, असे चित्र डोळ्यांसमोर आणू नका. इथला बेघर कुडाच्या भिंतीत राहतो. तीच भिंत पावसाने पडते. कधी ती हत्ती पाडतो.

हत्तीचे अप्रूप शहराला. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. कुरखेडा तालुक्यातही तो फिरला. धान खाल्ले, मोहफुलांच्या वासाने घरे फोडली. ज्यांची घरे गेली, ती माणसे एका रात्रीत बेघर झाली.

अशा गावात रात्रीचा दिवा ही चैन आहे का?

दारात साप आहे की दोरी, अंगणात वाघ आहे की वासरू, हे उजेडातच कळते. लेकराला ताप भरला तर औषधाची बाटली उजेडातच सापडते. जंगलातल्या घराला वीज लागते ती आधी जिवासाठी, टीव्हीचा नंबर फार मागचा.

सरकार घरकुल देते. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ व नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार. वर रोजगार हमीची मजुरी, शौचालयाचे १२ हजार. २०२५ मध्ये राज्याने आणखी ५० हजार जाहीर केले, त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सौर संचाला.

घरकुलाच्या हप्त्यांतच सौर संचाचा विचार आला, ही मोठी गोष्ट आहे. बेघराला घर देताना वीज विसरायची नाही, हे तत्त्व राज्याने कागदावर तरी मान्य केले.

मग अडचण कुठे?

छतापासूनच सुरुवात होते. घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. शेजारी मोहाचे झाड असेल तर दुपारनंतर अर्धे छत सावलीत. मोह कोणी तोडणार नाही, तोडूही नये. त्या झाडावर घराचा उन्हाळा निघतो.

त्याआधीही एक पायरी आहे, जागा. नमुना आठवर नाव नाही तर घरकुल नाही. घरकुल नाही तर छत नाही, छत नाही तर पॅनेल नाही. जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून आता एक लाखापर्यंत मदत मिळते. ती मिळवायला कागद लागतात, आणि कागद ठेवायला घर लागते.

समजा, सगळे जमले. घर उभे राहिले, जिओ टॅगिंग झाले, शेवटचा हप्ता आला, पॅनेल चढले, मीटर बदलले. आता एक रात्र बघा.

मृगाचा पाऊस. वाऱ्याने फांदी तारेवर पडली. लाइन गेली. अख्खा टोला अंधारात. भिंतीवर इन्व्हर्टरची पेटी आहे, छतावर नवे कोरे पॅनेल आहे. आणि घरात चिमणी पेटली आहे.

असे का?

कारण हे संच लाइनशी बांधलेले आहेत. तारेत वीज असेल तरच ते चालतात. तार मेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, मग भर दुपारी कडक ऊन का असेना. त्यामागचे कारण योग्य आहे. तुटलेल्या तारेवर लाइनमन हात ठेवणार, त्याच वेळी एखाद्या छतावरून त्या तारेत वीज आली तर तो जागीच जाईल. नियम लाइनमनचा जीव वाचवतो, त्याला हात लावू नये.

पण हे लाभार्थ्याला कोणी सांगितले?

योजनेचा संच बिल कमी करतो. अंधार कमी करत नाही. दोन्ही कमी करायचे तर बॅटरी लागते. आणि बॅटरीला अनुदान नाही. हवी तर आपल्या पैशाने घ्या. २,५०० रुपये जमवताना ज्याची दमछाक होते, तो बॅटरी कशी घेणार?

बिलाचेही बघू. दारिद्र्यरेषेखालच्या वीजग्राहकाची व्याख्या काय? वर्षाला ३६० युनिटपर्यंत वापर, म्हणजे महिन्याला ३०. एक किलोवॉटचे पॅनेल महिन्याला सुमारे १२० युनिट वीज करते. ज्याची गरज तीस, त्याच्या छतावर एकशेवीस.

उरलेली जाते तारेत. वर्षाअखेरीस तिचे पैसे जमा होतात, दोन पैसे मिळाले तर वाईट काय? काहीच वाईट नाही. पण त्या माणसाची पहिली मागणी वीज विकायची नव्हती. रात्री दिवा लागावा, ही होती.

बॅटरीचा विषय सरकारला ठाऊकच नाही, असेही नाही.

२५ सप्टेंबर २०१७ रोजी सौभाग्य योजना आली. जिथे तार पोचणे कठीण, तिथे सौर संच दिले गेले: २०० ते ३०० वॉटचे पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा, एक प्लग. पाच वर्षे दुरुस्तीची हमीही होती. संच आटोपशीर होता, जंगलातल्या घराला शोभेल असा. वीज तिथेच तयार होणार, तिथेच साठणार, तिथेच वापरली जाणार.

मग पाच वर्षे संपली. सहाव्या वर्षी कोणाकडे जायचे?

बॅटरी थकते, तो तिचा धर्मच आहे. पाणी घातले नाही, तारा गंजल्या, चार्ज कंट्रोलर गेला, की पाचही दिवे एकदम जातात. पन्नास रुपयांचा फ्यूज मिळत नाही म्हणून हजारोंचा संच कोनाड्यात जातो. सरकारी यादीत ते घर उजळलेलेच राहते.

नव्या योजनांतही देखभाल पाच वर्षांचीच आहे. पॅनेल पंचवीस वर्षे चालणारे. उरलेली वीस वर्षे कोण बघणार? विक्रेता नागपूरचा, त्याचा माणूस येणार कधी, आणि एका बिघाडासाठी कुरखेड्याच्या टोल्यावर तो येणारच कशाला?

आणखी एक उदाहरण. पीएम-जनमन ही अतिमागास आदिम जमातींसाठीची योजना, नोव्हेंबर २०२३ ची. महाराष्ट्रात त्यात माडिया गोंड, कोलाम आणि कातकरी येतात. तार पोचू शकत नाही अशा वस्तीत घरटी ५० हजारांपर्यंतचा सौर संच, बॅटरीसह. म्हणजे केंद्राने बॅटरीला पैसे देता येतात, हे स्वतःच सिद्ध केले आहे.

भामरागडच्या दुर्गम पाड्यावर माडियाला बॅटरी मिळू शकते. कुरखेड्याच्या गोंडाला मिळत नाही, कारण त्याच्या दारात तार आली आहे.

तारेत वीज किती वेळ असते, हे कोणी विचारत नाही. तार आहे ना? मग झाले.

आता दुसऱ्या बेघराकडे वळू. ज्याला घरच काय, कुटुंबही उरलेले नाही.

२८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री देशभर बेघरांची मोजणी झाली. रस्त्याकडेला, फलाटावर, पुलाखाली, देवळाच्या ओट्यावर झोपलेली माणसे मोजली गेली. देशात १७ लाख ७० हजारांवर, महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार. पुढची जनगणना झालेली नाही, म्हणून आजही तोच आकडा चालतो.

या माणसांसाठी शहरी निवारे आहेत. निकष काय? लाख लोकसंख्येमागे एक निवारा. कुरखेड्याची नगरपंचायत लाखाच्या आसपासही जात नाही. वडसा रेल्वे स्टेशनवर उतरलेला मनोरुग्ण मग कुठे जाणार?

तो जातो कुठल्या तरी संस्थेच्या दारात. वृद्धाश्रम, निराधारगृह, अनाथालय, मनोरुग्णांचे पुनर्वसन केंद्र. नुसत्या छपरावर त्याचे भागत नाही. औषध, जेवण, आंघोळ, काम आणि पाठीवर हात, हे सगळे लागते. असे घर कसे चालते हे चंद्रपूर-गडचिरोलीला बाहेरून शिकायची गरज नाही. वरोऱ्याजवळचे आनंदवन इथलेच. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती उभी केली. कुष्ठरोग झाला म्हणून घरादारातून हाकललेली माणसे तिथे आली, त्यांनी माळरानावर शेती केली आणि घरे बांधली.

निवारा मिळाला तर हाकललेला माणूसही उभा राहतो. याला पुरावा हवा असेल तर वरोऱ्याला जा.

अशा घराचे वीजबिल कोणत्या दराने येते? वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात निराधारांची, अपंगांची, मनोरुग्णांची वसतिगृहे आणि अनाथालये घरगुती वर्गात धरली आहेत. महावितरणने खातरजमा केली की घरगुती दर लागतो. हे बरोबरच आहे, कारण ती घरेच आहेत.

आणि सूर्यघरचे अनुदान?

तिथे कुटुंब लागते. घराचा मालक लागतो. निराधारगृहात चाळीस माणसे राहतात, पण ती चाळीस माणसे मिळून कुटुंब होत नाहीत. गृहनिर्माण सोसायटीला सामाईक सोयींसाठी किलोवॉटमागे १८ हजार मिळतात, लिफ्टला आणि पार्किंगच्या दिव्यांना. निराधारगृहाच्या पाण्याच्या मोटारीला मिळत नाहीत.

बिल देताना घर, अनुदान मागताना संस्था. हे कोणत्या न्यायात बसते?

हे पूर्वीपासून असेच होते का? नाही. छतावरच्या सौरऊर्जेच्या केंद्रीय योजनेच्या पहिल्या टप्प्यात सामाजिक क्षेत्राला ३० टक्के अनुदान होते. वृद्धाश्रम, अनाथालये, कल्याणगृहे यांची नावे यादीत होती. २०१९ मध्ये दुसरा टप्पा आला आणि अनुदान घरगुती ग्राहकांपुरते उरले. वृद्धाश्रमाचे नाव गेले, बंगल्याचे राहिले.

संस्थांना दुसरे मार्ग आहेत, असे उत्तर येईल. आमदार निधी आहे, जिल्हा नियोजन समिती आहे, कंपन्यांचा सीएसआर आहे, देणगीदार आहेत. आहेत ना. पण तिथे अर्ज करून वाट बघावी लागते, ओळख काढावी लागते, फलकावर कोणाचे नाव टाकायचे ते ठरवावे लागते. बंगलेवाला पोर्टलवर अर्ज करतो आणि पैसे खात्यात येतात.

एकाला हक्क, दुसऱ्याला मेहेरबानी.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवा. निराधारगृहात वीज कधी लागते? दिवसा. पाण्याची मोटार, कपड्यांचे ढीग, स्वयंपाकघर, औषधांचा फ्रिज, शिलाईची यंत्रे, आजारी माणसाच्या खाटेवरचा पंखा. सूर्य डोक्यावर असतो तेव्हाच हा सगळा वापर चालतो. बॅटरीशिवायचे पॅनेल जिथे सर्वांत जास्त उपयोगी, ती जागा हीच.

घरकुलात वीज कधी लागते? रात्री. दिवसा घरातली माणसे बांधीत, तेंदूपत्त्याला, नाहीतर मोहाखाली. दाराला कडी. पॅनेल रिकाम्या घरावर तापत राहते.

जिथे दिवसा वीज लागते तिथे अनुदान नाही. जिथे रात्री लागते तिथे बॅटरी नाही.

योजना आखणाऱ्यांनी किलोवॉट मोजले, अनुदान मोजले, छते मोजली. माणूस कधी घरी असतो, एवढे विचारायचे राहून गेले.

जगात हे कोणाला जमले आहे का? कॅलिफोर्नियाचे एक उदाहरण आपल्या कामाचे आहे. तिथे २०१५ च्या कायद्याने अल्प उत्पन्न भाडेकरूंच्या इमारतींसाठी सौर अनुदान ठेवले, वर्षाला १० कोटी डॉलरपर्यंत. अट एक घातली: तयार होणाऱ्या विजेपैकी किमान ५१ टक्क्यांचा लाभ भाडेकरूंच्या बिलात दिसला पाहिजे. पैसा इमारतीला, फायदा राहणाऱ्याला. मालकीची अट आली नाही, छत कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न आला नाही.

आपल्याला एवढी एक ओळ नियमात घालता येत नाही?

पैशाचे रडगाणे इथे चालणार नाही. गडचिरोली आता गरीब जिल्हा म्हणून हात जोडून उभा नाही. सुरजागडचे लोहखनिज इथून जाते, आणि खाणींच्या रकमेतून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी उभा राहतो. पेसा कायद्याखालच्या गावांना आदिवासी उपयोजनेतून पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. तेंदू आणि बांबू स्वतः विकणाऱ्या ग्रामसभा याच पट्ट्यात आहेत. धानोऱ्याच्या लेखा-मेंढ्याने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून वाट दाखवली. कुरखेडा-कोरचीच्या ग्रामसभाही त्या वाटेवर चालल्या.

पैसा आहे, माणसे आहेत, निर्णय नाही.

तेव्हा चार मागण्या, सरळ.

पहिली, निराधारगृह, वृद्धाश्रम आणि बेघर निवारा यांना सूर्यघरच्या अनुदानात घ्या. वीजदरात ती घरे आहेत, अनुदानातही घरेच धरा. मोजमाप खाटांचे ठेवा, मालकीचे नको. दहा खाटांना एक कुटुंब धरले तरी काम होईल. खोटी संस्था उभी राहील अशी भीती असेल, तर महावितरण दरासाठी जी खातरजमा करते तीच इथे लावा.

दुसरी, जंगल तालुक्यांतल्या घरकुलाला एक किलोवॉटची सक्ती नको. लाभार्थ्याला निवड द्या. कोणी बिल कमी करायला लाइनचा संच घेईल, कोणी छोटे पॅनेल आणि बॅटरी घेईल. जनमनमध्ये चालते ते आवास योजनेत का चालू नये?

तिसरी, दुरुस्ती तालुक्यात हवी. कुरखेड्याच्या, कोरचीच्या दहा-वीस मुलामुलींना शिकवा, हत्यारे द्या, सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी ठेवा आणि त्यांचा पगार योजनेच्या खर्चातच धरा. विहिरीवरचा पंप बिघडला की गावात मिस्त्री मिळतो. इन्व्हर्टर बिघडला की त्यालाही मिस्त्री मिळाला पाहिजे.

चौथी, पॅनेल चढवण्याआधी लाभार्थ्याला समोर बसवून सांगा: लाइन गेली की हे बंद पडेल. हे सांगायला एक रुपयाही लागत नाही. न सांगितल्याने मात्र विश्वास जातो, आणि एकदा गेला की पुढच्या योजनेला कोणी दार उघडत नाही.

यातली एकही मागणी अवघड नाही. पहिलीसाठी नियमातली एक ओळ, दुसरीसाठी अर्जावर एक जादा रकाना, तिसरीसाठी तालुक्याला एक खोली. चौथीसाठी थोडी माणुसकी.

हे सगळे मुंबई-दिल्लीत ठरेल तेव्हा ठरेल. तोवर हातावर हात ठेवून बसायचे का?

नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसभा व्हायच्या या तारखा आपल्याला पाठ आहेत. पुढच्या सभेत दोन प्रश्न लेखी द्या. गावातल्या किती सौर संचांचा दिवा आज लागतो? बंद पडलेल्यांची दुरुस्ती अबंध निधीतून कधी होणार? उत्तर ठरावात लिहून घ्या. नगरपंचायतीत राहत असाल तर नगरसेवकाला विचारा: तालुक्यातल्या निराधारांच्या घरांना सौर संच मिळावा म्हणून जिल्हा नियोजनाकडे प्रस्ताव गेला आहे का?

घर दिले म्हणजे उपकार झाले, असे समजणाऱ्यांना एकच सांगायचे आहे. रस्त्यावरून आलेल्या माणसाला चार भिंती दिल्या आणि त्यात अंधार ठेवला, तर काम अर्धेच झाले. उरलेले अर्धे करायला पैसा मंजूर आहे. तो माणसापर्यंत पोचतो की नाही, हे आता आपण विचारले पाहिजे. येत्या ग्रामसभेत विचारा.